ग्रो बॅग: वजनकाट्यावर, आषाढात आणि वैशाखात

मे महिना कलला की ऑनलाइन दुकानांत आणि रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांत एकाच वस्तूचा ढीग लागतो: बाहेरून हिरवी, आतून काळी, दोन कानांची, एचडीपीई या प्लास्टिकच्या विणलेल्या कापडाची पिशवी, म्हणजेच झाडं लावायची ग्रो बॅग. सोबत 'यूव्ही ट्रीटेड', '२२० जीएसएम', 'एअर प्रूनिंग', 'पाच वर्षं टिकणार' असे शिक्के. कोथरूड-सिंहगड रोडच्या गच्च्या, ठाणे-डोंबिवलीच्या बाल्कन्या, नाशिकच्या बंगल्यांमागची परसं, कोकणातली अंगणं अशा घरबागा फिरून पाहिल्या, तर ही पिशवी जवळजवळ सगळीकडे भेटते. एका गच्चीवर तिच्यात कमरेएवढी भेंडी उभी असते, पलीकडच्या गच्चीवर तीच पिशवी दुसऱ्याच उन्हाळ्यात उसवून माती सांडत पडलेली असते. दोन्हीकडे बी एकाच पाकिटातलं असू शकतं. फरक पडतो तो पिशवीच्या मापात, तिच्या भोकांत आणि आत काय भरलंय त्यात.

निकाल आधीच सांगून टाकतो. पिशवी घ्यावी. तेवढीच माती मावणाऱ्या चांगल्या प्लास्टिक कुंडीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, घडी घालून कपाटात ठेवता येते आणि चौथ्या मजल्यावर नेताना फुटत नाही. पण दुकानात दहा मापं असली तरी घरबागेला दोनच पुरतात: १५ × १५ इंच आणि २४ × ९ इंच. बाकीची मापं बहुतेक वेळा फोटो पाहून घेतलेली असतात.

मापाची पहिली गफलत इथेच होते. शिवलेल्या गोल एचडीपीई पिशवीवर १२ × १२ लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा व्यास असतो, दुसरा उंची. अशा पिशवीत काठोकाठ २२ लिटर माती बसते. मात्र रोपवाटिकेत वापरतात त्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीचं माप ती सपाट ठेवून घेतलेलं असतं. बारा इंच रुंदीची सपाट पिशवी उघडली की तिचा व्यास साडेसात इंचांच्या थोडा वर भरतो, आणि आत जेमतेम सात-आठ लिटर माती जाते. आकडा तोच, माल एक तृतीयांश. स्वस्तातला संच मागवल्यावर 'यात टोमॅटो कसा यायचा?' अशी तक्रार येते, तिचं मूळ बहुतेक वेळा हे असतं. मागवण्यापूर्वी 'व्यास किती?' असा सरळ प्रश्न विचारावा. उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघावं.

काठोकाठ क्षमता अशी: १५ × १५ मध्ये ४३ लिटर, १८ × १८ मध्ये ७५, २४ × २४ मध्ये पावणेदोनशेच्या वर आणि २४ × ९ मध्ये ६६. प्रत्यक्षात वरचे दोन इंच पाण्यासाठी मोकळे सोडायचे असतात, म्हणून पंधरा इंचीत ३७-३८ लिटर आणि नऊ इंच उंचीच्या पसरटीत ५० लिटर धरून चालावं.

आता काट्याकडे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. छापलेला आकडा खरा की नाही हे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दोन मिनिटांत सांगतो. १५ × १५ च्या पिशवीला तळासकट साधारण ०.५७ चौरस मीटर कापड लागतं. २२० जीएसएमच्या हिशेबाने नुसतं कापडच १२५ ग्रॅम भरायला हवं. दुमड, शिवण आणि कान धरून त्याहून थोडं जास्तच. काटा ८५-९० ग्रॅमवर थांबला, तर कापड दीडशे-एकशेसाठच्या घरातलं आहे, शिक्का काहीही म्हणो. बारा इंची पिशवी निदान ८० ग्रॅम, अठरा इंची १८० ग्रॅम, २४ × ९ ची १६० ग्रॅम भरली पाहिजे. नर्सरीवाला 'ताई, हीच घ्या, दहा वर्षं हलत नाही' म्हणतो तेव्हा खिशात काटा नसतो हे खरं, पण एक पिशवी घरी आणून तोलून मग बाकीच्या घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

वजन बरोबर भरलं तरी पिशवी फाटते, ती बहुधा कापडात नाही, शिवणीत. एचडीपीईच्या कापडात उन्हाचा मारा सोसणारं रसायन मिसळलेलं असतं. शिवायचा दोरा मात्र कित्येकदा साधा असतो. दीड-दोन वर्षांत दोरा कुजून तुटतो आणि धडधाकट कापडाची पिशवी तळाशी उघडते. घेताना तळाची शिवण बाहेरून पाहावी. दुहेरी शिवण हवी आणि कापडाची कड आत दुमडलेली हवी. कड दुमडलेली नसेल तर विणीच्या पट्ट्या एकेक करून निसटतात. कानांचंही तसंच. ते नुसते काठावर टाचलेले असतील तर शोभेचे समजावेत. भरलेली पिशवी कान धरून उचलायचा मोह मात्र कुठल्याही पिशवीबाबत आवरावा, कारण ओली पंधरा इंची चाळीस किलोच्या आसपास जाते. हलवायचीच असेल तर जाड गोणपाटावर घेऊन ओढावी.

'एअर प्रूनिंग'चा दावा इथेच निकालात काढू. मुळाचं टोक कापडापर्यंत आलं, हवा लागून वाळलं आणि मागून नवी बारीक मुळं फुटली, याला एअर प्रूनिंग म्हणतात. हे जाड फेल्टसारख्या, श्वास घेणाऱ्या कापडात घडतं. आतून प्लास्टिकचा थर चढवलेल्या एचडीपीईतून हवा जातच नाही. तिच्यात मुळं कुंडीसारखीच कडेने गोल फिरतात. फेल्टची पिशवी मुसळधार पावसाच्या भागात छान चालते, जादा पाणी चहूबाजूंनी झिरपून जातं. पण तीच पिशवी विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते, आणि बोअरचं जड पाणी असेल तर बाहेरून क्षारांची पांढरी पुटं धरते. देशावर एचडीपीई, कोकण-मुंबईत ऐपत असेल तर फेल्ट, इतका सोपा हिशेब आहे.

भोकं

सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात, म्हणून यावर जरा थांबू.

बाजारातल्या बहुतेक पिशव्यांना भोकं तळाला नसतात. ती बाजूला, तळापासून इंचभर वर असतात. उत्पादकाची सोय म्हणून ठीक. उन्हाळ्यात तळाशी इंचभर पाणी राहिलं तर उपयोगही होतो. पण आषाढात तोच इंचभर पाण्याचा थर दिवसरात्र तसाच राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची उभ्या उभ्या मान टाकते. पानं कोमेजली म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, ते वेगळंच.

पाऊस किती पडतो त्याचा हिशेब करून पाहा. पंधरा इंची पिशवीचं तोंड ०.११ चौरस मीटरचं. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यात ११ लिटर पाणी ओतल्यासारखं होतं, आणि माती आहे ३८ लिटर. मुंबईत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर जाते. पुणे शहरात तेवढा पाऊस सरासरीने अख्ख्या वर्षात पडत नाही. त्यामुळे पुण्याच्या गच्चीवर यशस्वी झालेली पिशवी जशीच्या तशी ठाण्याला नेली की गटांगळ्या खाते.

उपाय स्वस्त आहे. पिशवी भरण्यापूर्वी उलटी ठेवावी. पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई गॅसवर लालसर तापवावी आणि तळाला पाच-सहा भोकं पाडावीत: एक मधोमध, बाकीची कडेपासून दोन-तीन इंच आत. कात्रीने किंवा कटरने कापू नये. कापलेल्या विणीच्या पट्ट्या सुटत जातात आणि भोक महिन्याभरात फाट होतं. तापल्या सळईने कडा वितळून चिकटतात. हे काम उघड्यावर करावं आणि सळई पकडीत धरावी. पसरट २४ × ९ ला आठ-दहा भोकं लागतात. आतून प्रत्येक भोकावर नारळाच्या शेंडीचा मूठभर काथ्या ठेवला की माती वाहून जात नाही.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची पद्धत जवळजवळ प्रत्येक घरी दिसते. निचऱ्यासाठी तिचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. परिणाम इतकाच की ओलीचिंब माती मुळांच्या तीन इंच जवळ येते आणि पिशवी पाच किलोने जड होते. पिशवी उंच आहे आणि माती कमी पडतेय म्हणून तळाला करवंट्या, वाळक्या काटक्या घातल्या तर ती गोष्ट वेगळी. ती जागा भरायची युक्ती झाली.

आणि पिशवी थेट लादीवर ठेवू नये. तळाची भोकं लादीला चिकटून बंद होतात, खाली चिखल साचतो आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर कायमची ओल राहते. चार विटा ठेवून दोन-तीन इंच पोकळी ठेवली की पाणी जातं, झाडू जातो, ऊनही लागतं. लोखंडी स्टँड दिसायला नीट, पण त्याचे चार बारीक पाय सगळा भार चार बिंदूंवर टाकतात. चायना मोझॅकच्या गच्चीवर ते बरं नव्हे. स्टँड असेलच तर पायाखाली फरशीचा तुकडा द्यावा. पसरट पिशवीला मात्र विटा पुरत नाहीत, तळ मधे झोळीसारखा लोंबून शिवण ताणली जाते. तिच्याखाली जुनी फळी किंवा प्लास्टिकचं पॅलेट हवं.

गच्चीवरच्या भाराबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ १५० किलो धरतात. ओली पंधरा इंची चाळीस किलोची धरली तर चौरस मीटरमागे चारही जड होतात; तीन ठेवाव्यात आणि मध्ये चालायला वाट सोडावी. १८ × १८ ची एक पिशवी सत्तर किलोपर्यंत जाते. अशा पिशव्या कठड्यालगत, जिथे खाली भिंत किंवा तुळई आहे तिथेच शोभतात. स्लॅबच्या मधोमध २४ × २४ मध्ये पेरू लावलेला दिसतो तेव्हा फळांपेक्षा खालच्या मजल्याची काळजी वाटते. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

आत काय भरायचं

पंधरा इंचीसाठी पावसाळी भरण असं: गाळलेली लाल माती किंवा पोयटा १२ लिटर, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १२ लिटर, भाताचं तूस ८ लिटर, भिजवून पिळलेलं कोकोपीट ६ लिटर, वर १०० ग्रॅम निंबोळी पेंड. मापाला जुना पाच लिटरचा तेलाचा डबा कापून घ्यावा, म्हणजे घमेल्याच्या अंदाजाने घोळ होत नाही. उन्हाळी पिकासाठी तूस आणि कोकोपीट यांची मापं उलटी करायची. देशावरची काळी माती वापरायची असेल तर तिचं प्रमाण निम्म्यावर आणून तेवढं तूस वाढवावं. ती ओली झाली की फुगते, वाळली की पिशवीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून भिजल्यासारखी, मुळाशी कोरडी.

नर्सरीतल्या तयार 'पॉटिंग मिक्स'बद्दल थोडक्यात: पोतं उचलून पाहा. पिसासारखं हलकं लागलं तर आत बहुतांश कोकोपीट आहे. रोपं करायला ते ठीक, पण भाजीचं पीक महिन्याभरात पिवळं पडतं, कारण कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळपास नसतं. कोकोपीटची पाच किलोची वीट पंचवीस-तीस लिटर पाण्यात भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. पहिलं तांबूस पाणी टाकून द्यावं आणि आणखी एकदा धुऊन घ्यावी, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेल्या शेंड्यांचा माल असेल तर मीठ राहतं आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

वजन कमी करायचंय त्यांनी रसवंतीकडे बघावं. उसाचं चिपाड फुकट मिळतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवरच्या शेतीचा प्रसार केला त्यात याच चिपाडावर भर होता, आणि आजही घरबागांत हलक्या पिशव्या दिसतात त्या बहुतेक याच वाटेने भरलेल्या असतात. मात्र ताजं चिपाड कधी घालू नये. साखरेमुळे मुंग्यांची रांग लागते आणि कुजताना ते भोवतालचा नत्र ओढून घेतं, रोपं फिकट पडतात. पसरून दोन-तीन आठवडे वाळवावं, इंच-दोन इंचांचे तुकडे करावेत, पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा त्याने भरावा आणि त्यावर शेणखताचा हात सढळ ठेवावा. तीन-चार महिन्यांत भर तीन-चार इंच खाली बसते. ही चूक नव्हे; वरून खत-मातीची नवी भर घालायची तीच वेळ.

ऋतू फिरतो तसा

एप्रिल-मे हा पिशव्या रिकाम्या करायचा काळ. मागच्या पिकाला मर रोग लागला असेल किंवा मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या अतिबारीक कृमींच्या, गाठी दिसल्या असतील, तर माती गच्चीवर पसरून ओलावावी, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्यावी. काळं प्लास्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं आणि माती कमी तापवतं. थर सहा इंचांपेक्षा जाड नको.

मेच्या शेवटी २४ × ९ मध्ये हळद किंवा आलं. माझ्या मते या पसरट पिशवीचं सर्वांत चोख पीक हळद. डोळे फुगलेले पाच तुकडे, दोन इंच खोल, पाचट किंवा पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. ऑगस्टमध्ये एकदा मातीची भर, कारण गड्डे उघडे पडले की हिरवे होतात. पानं वाळून आडवी झाली की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, पिशवी सरळ उलटी करायची. फावडं नको, गड्डा तुटायला नको. एक सावधगिरी: उथळ पिशवीत माती उंच पिशवीपेक्षा जास्त वेळ ओली राहते, म्हणून पावसात हिच्यात तुसाचं प्रमाण थोडं वाढवावं, नाहीतर आलं सडतं. अळूला मात्र काहीच हरकत नसते.

मृगाच्या सरी पडल्या की पंधरा इंचीत भेंडी, गवार, आणि मांडवाची सोय असेल तर दोडका, कारली. भेंडीची दोन रोपं एका पिशवीत, त्याहून जास्त नको. बी रात्रभर भिजवून, एका ठिकाणी दोन, मग विरळणी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिल्या शेंगा येतात, आणि तिथून एक दिवसाआड तोडणी केली नाही तर शेंग जून होते आणि झाडही आखडतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग; पांढरी माशी तो पसरवते आणि झालेलं रोप बरं होत नाही, उपटून टाकावं. 'परभणी क्रांती' हा वाण त्याला बऱ्यापैकी तोंड देतो. कारल्यात कोकणासाठी 'कोकण तारा'. वेलाला पिशवीमागे एकच रोप. फळं तिरकी होऊन आतून किडली की फळमाशी समजावी. फवारे मारत बसण्यापेक्षा फूल गळून फळ बोटभर झालं की कागदी पिशवी चढवावी, आणि पडलेली किडकी फळं गच्चीवर राहू देऊ नयेत.

पावसाचं पाणी खत धुऊन नेतं. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला पिशवीमागे दोन मुठी गांडूळखत वरून द्यावं. एकदम किलोभर टाकून मोकळं होण्याचा काही फायदा नाही, ते पुढच्या मुसळधारेत भोकांतून जातं.

टोमॅटोची घाई करू नये. जूनमध्ये लावलेला टोमॅटो श्रावणात करप्याने काळा पडतो. ऑगस्टअखेरीस बी, सप्टेंबरअखेरीस पुनर्लागवड, म्हणजे फळं थंडीत. रोप पिशवीत लावताना खालची पानं काढून दोन-तृतीयांश दांडा मातीत गाडावा, गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. 'अर्का रक्षक' घरबागेला मानवतो. काठी लागवडीच्या दिवशीच रोवावी, नंतर रोवली की मुळं तुटतात. दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर दसऱ्याच्या अडीच-तीन महिने आधी बी पडलं पाहिजे. शेंडा खुडला तर फुलं वाढतात पण आठ-दहा दिवस उशीर होतो, तेवढे दिवस आधीच मोजून ठेवावेत.

ऑक्टोबरचं ऊन पिशवीची पहिली खरी परीक्षा घेतं. पाऊस गेलेला, माती दबलेली, आणि पानांखाली लाल कोळी आणि मावा. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, आठवडाभर रोज सकाळी; तरी राहिला तर लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी. भर उन्हात तेल मारलं की पानं भाजतात, मग लोक तेलाला शिव्या देतात.

थंडीत पसरट पिशवीचं राज्य. मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ, मुळा, लसूण. धणे रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरू नयेत. मेथी पंचवीस-तीस दिवसांत तयार होते. मुळासकट न उपटता दोन बोटं वरून कापली तर आणखी एक तोड मिळते. चार पसरट पिशव्या असतील तर आठवड्याच्या अंतराने एकेक पेरावी. चारही एकाच रविवारी पेरल्या की चौघांच्या घरात महिन्याच्या शेवटी मेथीच मेथी, आणि नंतर काही नाही. बहुतेक गच्च्यांवर हेच होतं.

वैशाखात पिशवीचा गडद रंग नडतो. पश्चिमेच्या भिंतीलगतची पिशवी दुपारी हात लावून पाहा. आतल्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात, आणि संध्याकाळी भरपूर पाणी घालूनही रोप उभं राहत नाही. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेला ओलं गोणपाट गुंडाळावं, वर तीन इंच आच्छादन आणि ५० टक्के सावलीची जाळी. जाळी झाडांच्या डोक्याला टेकलेली नको, निदान हातभर वर ताणावी. वाढलेल्या भेंडी-वांग्याला पंधरा इंचीत दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागतं. ठिबक असेल तर ताशी चार लिटरचा एक ड्रिपर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं, म्हणजे तीन लिटर. पसरट पिशवीला मात्र दोन ड्रिपर हवेत, एकाने मधलाच गोल भिजतो आणि कडेची मेथी वाळते.

टिकाऊपणाबद्दल: वजनात खरी उतरलेली, दुहेरी शिवणीची पिशवी नीट वापरली तर तीन-चार वर्षं काढते. दक्षिण-पश्चिमेकडची बाजू आधी विरते, म्हणून दर दोन महिन्यांनी पिशवी पाव फेरा फिरवावी. वेलाच्या पिशव्यांना हे जमत नाही, त्यांना गोणपाट. कान तुटला किंवा काठ विरला तर घाबरायचं काम नाही, काठ एक घडी बाहेर दुमडावा. पण कापडावरून बोट फिरवल्यावर हिरवी पूड हाताला लागली तर तेच पीक संपताच पिशवी रिकामी करावी. आणखी एक हंगाम रेटला की तिचे बारीक तुकडे मातीत मिसळतात आणि पुढची दोन वर्षं भाजीच्या मुळांतून हिरवे धागे वेचत बसावं लागतं. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्यावी. मातीने माखलेली तो घेत नाही.